बोली जिंकली, पण पैसे कुठे आहेत? ऑनलाइन लिलावातला अवघड ग्राहक कसा सांभाळायचा



लिलावावरच्या व्हिडिओत आपण बोली कुठून सुरू करायची, वेळ किती ठेवायची, फोटो कसे काढायचे हे सगळं बघितलं. पण खरी डोकेदुखी बोली संपल्यावर सुरू होते. त्यासाठी व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून ते आज इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट सांगतो. वाईच्या एक ताई आमच्या बॅचला होत्या. नाव सांगत नाही. जुन्या पितळी वस्तू घेऊन, घासून-पुसून त्या ऑनलाइन लिलावात विकायच्या. दिवाळीच्या तोंडावर समईच्या एका जोडीची बोली चढत चढत ४,२०० रुपयांवर गेली. ताई खूश! तेवढ्यात जिंकणाऱ्याचा मेसेज आला, "मॅडम, फायनल किती द्यायचे?"

आता बघा, बोली लावणाऱ्यानेच बोली जिंकल्यावर भाव विचारला. ताईंना वाटलं, गिऱ्हाईक हातचं जाईल. त्या ३,५०० ला तयार झाल्या. पैसे यायला आठ दिवस लागले. माल गेला, दिवाळी झाली, आणि मग मेसेज आला, "फोटोत मोठी वाटत होती. परत घ्या, नाहीतर एक स्टार देतो." ताईंनी घाबरून पैसे परत केले. जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही वेळचं कुरिअर त्यांच्याच खिशातून गेलं. पार्सल उघडलं तर एका समईची बैठक चेपलेली.

त्यानंतर तीन महिने ताईंनी एकही वस्तू विकायला लावली नाही. "सर, हे माझं काम नाही," म्हणाल्या.

पैशाचं नुकसान भरून निघतं हो. पण एका माणसामुळे चांगला चाललेला धंदा बंद पडतो, ते मोठं नुकसान. म्हणून हा लेख.

लिलावातला ग्राहक जास्त अवघड का असतो?

दुकानात ग्राहक किंमत बघतो, विचार करतो, मग घेतो. लिलावात घड्याळ पळत असतं, समोर दुसरा माणूस बोली वाढवत असतो आणि डोक्यात जिंकायची खुमखुमी असते. वेळ संपते, माणूस जिंकतो आणि दहा मिनिटांनी विचार करतो, "अरे, मी जरा जास्तच दिले का?"

बहुतेक वेळा त्याचं उत्तर "हो" असतं! कारण साधं आहे. दहा जणांनी एकाच वस्तूची किंमत मनात धरली, तर जिंकणार तोच ज्याचा अंदाज सगळ्यांत वर गेला. अमेरिकेत तेलाच्या जमिनींचे लिलाव व्हायचे. त्या धंद्यातल्या तीन अभियंत्यांनी १९७१ साली हे मांडलं आणि याला 'विजेत्याचा शाप' असं नाव पडलं. मोठमोठ्या तेल कंपन्या यात अडकल्या, तर समई घेणाऱ्या माणसाचं काय घेऊन बसलात!

याचा अर्थ नीट समजून घ्या. बोली जिंकलेल्या ग्राहकाला थोडा पस्तावा होणं हे लिलावातच असतं. तो माणूस वाईट असेलच असं नाही. त्याला माघार घ्यायला एक फट हवी असते. आकार लिहिलेला नाही, ही फट. पैसे कधी द्यायचे ते ठरलेलं नाही, ही फट. भाव विचारला की कमी होतो, ही तर फटच काय, सताड उघडं दार!

आणि ही फट बोलीनंतर बुजवता येत नाही. ती बोलीच्या आधीच बुजवावी लागते. आजच्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

सांगलीच्या मार्केट यार्डाकडून शिका

आपल्याला हे शिकायला लांब जायची गरज नाही. सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात हळदीच्या हंगामात एकदा जाऊन उभे राहा. सांगली जिल्ह्याबरोबरच कराड भागातली हळदही इथे येते. तासगावला बेदाण्याचे सौदे होतात. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे ते तुम्हाला माहीतच असेल. पण आपल्याला आज तिथला माल नको, तिथली पद्धत हवी आहे.

पूर्वी अनेक बाजारांत भाव कसा ठरायचा माहितीये? रुमालाखाली हात घालून. व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायचे आणि शेतकरी बाजूला उभा राहून नुसता बघायचा. कोणी किती बोली लावली ते कुणालाच कळायचं नाही. भांडणाला यापेक्षा चांगली जागा कोणती? म्हणून मग उघड लिलाव आले. सगळ्यांसमोर नमुना, सगळ्यांसमोर बोली.

पुढे १४ एप्रिल २०१६ ला केंद्र सरकारने ई-नाम म्हणजे राष्ट्रीय कृषी बाजार हे ऑनलाइन व्यासपीठ सुरू केलं. सांगलीच्या बाजार समितीतली हळदही त्यावर आली. तिथला क्रम बघा.

गेटवर मालाची नोंद होते आणि त्याला लॉट नंबर मिळतो. मग मालाची गुणवत्ता तपासून ती नोंदवली जाते. त्यानंतर ऑनलाइन बोली. बोली संपली की शेतकरी तो भाव स्वीकारू शकतो किंवा नाकारू शकतो. मग वजन, मग पैसे, मग माल बाहेर.

आता यातली प्रत्येक पायरी एकेक भांडण आधीच मिटवते. लॉट नंबर असला की "हा माल तो नव्हेच" म्हणता येत नाही. गुणवत्ता नोंदवली की "ओली होती, हलकी होती" म्हणणं अवघड होतं. भाव नाकारायचा हक्क असला की मातीमोल विकायची सक्ती राहत नाही. तुम्ही घरात बसून एक वस्तू लिलावाला लावता तेव्हा अडत्याही तुम्हीच, तपासणारेही तुम्हीच आणि तोलाईवालेही तुम्हीच. या सगळ्या पायऱ्या तुम्हालाच कराव्या लागणार.

आणि हो, रुमाल अजून गेलेला नाही बरं का! बोली उघड चाललेली असते आणि कोणीतरी हळूच इनबॉक्समध्ये येतो, "ताई, लिलाव बंद करा, मी दोन हजार देतो." आजचा इनबॉक्स म्हणजे कालचा रुमाल. एकदा तिथे सौदा केलात की ग्रुपवरच्या बाकीच्या लोकांचा तुमच्या बोलीवरचा विश्वास उडतो. मग पुढच्या वेळी बोली लावायला येतं कोण?

बोलीआधीच्या सहा ओळी

प्रत्येक लिलावाच्या खाली या सहा गोष्टी लिहा. व्हॉट्सॲप ग्रुप असो, इन्स्टाग्राम असो नाहीतर मोठी साइट असो. साइटचे स्वतःचे नियम असतील तर ते आधी, आणि त्यात बसेल तेवढं आपलं.

१. वस्तूचं माप. उंची, रुंदी, वजन, सगळं आकड्यांत. "मोठी समई" असं लिहू नका, "उंची ३० सेंटिमीटर, वजन १ किलो ४०० ग्रॅम" असं लिहा. फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा.

२. दोष. ओरखडा, डाग, झाळलेली जागा, सगळं सांगा आणि त्याचा जवळून फोटो टाका. यावर पुढे बोलतो.

३. कमीत कमी भाव. त्याखाली तुम्ही विकणार नाही, हे आधीच सांगा. शेतकऱ्याला बोली नाकारता येते, तसा तुमचाही हक्क राखून ठेवा.

४. पैसे कधीपर्यंत. "बोली संपल्यापासून २४ तासांत पूर्ण रक्कम." तास लिहा. "लवकरात लवकर" याला काही अर्थ नसतो.

५. पैसे आले नाहीत तर काय. "मुदतीत रक्कम न आल्यास सौदा रद्द होईल आणि वस्तू पुढच्या बोलीवाल्याला विचारली जाईल."

६. परत घेण्याचा नियम. काय झालं तर परत घेणार, किती दिवसांत कळवायचं, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ हवा की नको.

दोष लिहिल्याने बोली कमी येते, असं तुम्हाला वाटत असेल. त्यासाठी ई-बेची जन्मकथा ऐका. १९९५ साली पिअर ओमिड्यार या तरुणाने अमेरिकेत ही लिलावाची साइट सुरू केली. त्यावर पहिली विकली गेलेली वस्तू होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर. किंमत आली १४.८३ डॉलर. ओमिड्यारला प्रश्न पडला, त्याने त्या ग्राहकाला विचारलं की तो बिघडलेला आहे हे तुम्हाला कळलंय ना? उत्तर आलं, मी बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवतो!

बघा, दोष लपवला असता तर तोच सौदा भांडण झाला असता. दोष सांगितला की ज्याला तशीच वस्तू हवी तोच बोली लावतो.

जुन्या वस्तू विकणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. खात्री नसताना "शंभर वर्षांपूर्वीची" असं ठोकून देऊ नका. एक तर ग्राहक उद्या पुरावा मागेल. दुसरं म्हणजे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि त्या परदेशी पाठवता येत नाहीत.

अवघड ग्राहकाचे पाच प्रकार

पहिला: बोली लावून गायब होणारा

हा सगळ्यांत जास्त भेटतो. बोली जिंकतो आणि मग ब्लू टिकही येत नाही. याच्या मागे दहा फोन करू नका. दोनच मेसेज पाठवायचे. पहिला, बोली संपल्याबरोबर:

"नमस्कार सर, अभिनंदन! लॉट नंबर १२ तुमच्या नावे ४,२०० रुपयांना झाला. कुरिअर १५० रुपये धरून एकूण ४,३५०. उद्या संध्याकाळी ६ पर्यंत रक्कम पाठवा, परवा सकाळी पार्सल निघेल."

दुसरा, मुदत संपायच्या तीन-चार तास आधी:

"सर, लॉट नंबर १२ ची मुदत आज ६ ला संपते आहे. काही अडचण असेल तर कळवा. त्यानंतर वस्तू पुढच्या बोलीवाल्यांना विचारावी लागेल."

झालं. सहा वाजले की दुसऱ्या नंबरच्या माणसाला त्याच्याच बोलीच्या भावाने विचारा. त्याच्यावर सक्ती नाही, त्याने नाही म्हटलं तर वस्तू पुन्हा लावा. मोठ्या साइटवर यासाठी सोय असते. ई-बेवर चार दिवसांत पैसे आले नाहीत तर विक्रेत्याला सौदा रद्द करता येतो. ती सोय वापरा, संकोच करू नका. आणि गायब झालेल्याचं नाव एका वहीत लिहून ठेवा. दुसऱ्यांदा तसंच झालं की ब्लॉक.

येणी थकू द्यायची नाहीत, हे सांगली-तासगावच्या बेदाणा बाजारानेही शिकलंय. दिवाळीच्या सुमारास तिथे सौदे काही काळ बंद ठेवतात आणि आधीची देणी-घेणी पूर्ण करतात. लोक त्याला 'झिरो पेमेंट' म्हणतात. जुनं मिटल्यावर मग नवे सौदे. तुम्हीही एक नियम करा. ज्याचे मागचे पैसे बाकी आहेत त्याची नवी बोली धरायची नाही, मग तो पाहुणा असला तरी.

दुसरा: जिंकल्यावर घासाघीस करणारा

"फायनल किती?" याला उत्तर एकच: "सर, फायनल तुम्हीच ठरवलंय, ४,२०० रुपये." हसून लिहा, पण आकडा हलवू नका.

का हलवायचा नाही? तुम्ही ४,२०० चे ३,५०० केलेत आणि दुसऱ्या नंबरच्या माणसाने ४,१०० लावले होते. म्हणजे तुम्ही प्रामाणिक माणसाला डावलून शब्द मोडणाऱ्याला बक्षीस दिलंत. हे एकदा कळलं की तुमच्या लिलावात सगळेच मोठी बोली लावून नंतर घासाघीस करणार.

काहीतरी द्यायचंच असेल तर भावात देऊ नका. "सर, भाव तोच राहील. पुढच्या लिलावात दोन वस्तू घेतल्या तर एकत्र पार्सल करीन, कुरिअर वाचेल." असं सांगा. त्याचा मानही राहतो आणि तुमचा भावही.

तिसरा: माल हातात पडल्यावर "असं नव्हतं" म्हणणारा

इथे जरा थांबा. हा माणूस खोटं बोलतोय असं धरून चालू नका. खूपदा तो खरं बोलत असतो. कुरिअरमध्ये माल आदळतो. मोबाइलच्या स्क्रीनवर रंग वेगळा दिसतो. म्हणून पहिलं उत्तर कायम असं द्या:

"मॅडम, तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल वाईट वाटतं. पार्सलच्या बाहेरचा, आतल्या पॅकिंगचा आणि वस्तूचा असे तीन फोटो पाठवाल का? बघून आज रात्री ९ पर्यंत नक्की कळवते."

या मेसेजने दोन कामं होतात. प्रामाणिक ग्राहकाचा राग अर्धा उतरतो, कारण कोणीतरी ऐकतंय. आणि लबाड ग्राहक फोटो पाठवायला टाळाटाळ करतो. नऊची वेळ दिलीत तर नऊला उत्तर द्या. उशीर झाला की बरोबर असूनही आपण चुकीचे ठरतो.

तुमच्याकडे काय हवं? पॅकिंगचा एकच सलग व्हिडिओ. त्यात वस्तू चारी बाजूंनी, वजनकाट्यावरचा आकडा, लॉट नंबरची चिठ्ठी, मग पॅकिंग, मग कुरिअरचं लेबल. मध्ये कुठेही कट नको. कुरिअरच्या पावतीवरचं वजनही जपून ठेवा. यार्डात वजनावरून कुरबूर होते, म्हणून तर तोलाईची पावती असते. तुमचा व्हिडिओ म्हणजे तुमची तोलाईची पावती.

बेदाण्याच्या सौद्यातली एक तक्रार तुम्ही ऐकली असेल. नमुना बघताना बेदाणा उधळला जातो आणि तो तोटा शेतकऱ्याच्या माथी येतो. आपल्याकडेही तसंच होतं. 'वापरून बघतो, नको असेल तर परत' म्हणणारा ग्राहक म्हणजे उधळणच. सणाआधी समई, लग्नाआधी साडी, ट्रेकआधी बॅग! अशा वस्तूंना सील किंवा टॅग लावा आणि नियमात लिहा, "टॅग काढलेला असल्यास आवड-नावड म्हणून परत घेतली जाणार नाही."

पण एक लक्षात ठेवा. "नो रिटर्न" असं ठळक लिहिलं म्हणून सगळं सुटत नाही. जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे, मार्केटप्लेसवर विकलेली वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. म्हणजे "मन बदललं" याला तुम्ही नाही म्हणू शकता, "वस्तूच वेगळी आली" याला नाही. चूक आपली असेल तर वाद न घालता पैसे परत करा, कुरिअरसकट. तो ग्राहक पुन्हा येतो, हा माझा अनुभव आहे.

चौथा: रिव्ह्यूची धमकी देणारा

"निम्मे पैसे परत द्या नाहीतर एक स्टार." हे वाचलं की पोटात गोळा येतो, खरंय. पण घाबरून पैसे दिले की तो माणूस तेच दुसऱ्या विक्रेत्याबरोबर करणार आणि तुमच्याकडेही परत येणार.

पहिली गोष्ट, बोलणं लेखी ठेवा. तो फोन करायचा आग्रह धरेल. "सर, रेकॉर्डसाठी इथेच लिहितो" म्हणा. दुसरी गोष्ट, साइटवर विकत असाल तर तिथल्याच चॅटमध्ये बोला आणि धमकीचा मेसेज आला तर साइटकडे तक्रार करा. तिसरी गोष्ट, रिव्ह्यू आलाच तर खाली तीन ओळींत शांतपणे उत्तर लिहा. एका ओळीत काय झालं, दुसऱ्या ओळीत आपण काय देऊ केलं, तिसऱ्या ओळीत अजूनही काय करायला तयार आहोत.

ते उत्तर त्या ग्राहकासाठी नसतं. ते पुढच्या पन्नास ग्राहकांसाठी असतं. लोक वाईट रिव्ह्यू वाचतात आणि मग विक्रेता काय बोलला ते वाचतात. विक्रेता तिथे तोल सोडून बोलला की संपलं. आणि बदल्याचा विचारही नको. ई-बेवर तर २००८ पासून विक्रेत्याला ग्राहकाबद्दल वाईट शेरा देताच येत नाही.

पाचवा: जो ग्राहक नाहीच, तो ठग

हा फार गोड बोलतो. भाव विचारत नाही, वस्तूबद्दल प्रश्न विचारत नाही, पटकन मोठी बोली लावतो. मग म्हणतो, "पैसे पाठवतोय, तुम्ही फक्त हा क्यूआर स्कॅन करा." किंवा "चुकून जास्त पैसे गेले, फरक परत पाठवा," आणि सोबत पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट.

तीन नियम पाठ करा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन टाकावा लागत नाही, कधीच नाही. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली तरच पैसे आले. आणि ज्याला जास्त घाई, त्याच्या बाबतीत आपण जास्त सावकाश.

फसलातच तर लाजू नका, वेळ घालवू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि आपल्या बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

ग्राहक कंपनी असेल तर

तुमच्यापैकी काही जण लिलावात मोठा माल कंपन्यांना किंवा घाऊक व्यापाऱ्यांना देता. तिथे अवघड ग्राहक भांडत नाही, तो फक्त पैसे लांबवतो. "पुढच्या आठवड्यात बघू" असं म्हणत चार महिने जातात.

यासाठी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा आहे. तुम्ही उद्यम नोंदणी केलेले सूक्ष्म किंवा लघु उत्पादक किंवा सेवा देणारे असाल, तर लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांच्या पुढे पैसे थांबवता येत नाहीत. लेखी काही ठरलं नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन करता येते. मात्र नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी असूनही हा फायदा मिळत नाही. त्यामुळे स्वतः बनवणाऱ्यांनी नोंदणी माल देण्याआधी करून ठेवा आणि बिलावर उद्यम क्रमांक छापा. तो क्रमांक दिसला की बरेच जण वेळेत पैसे देतात!

कधी कधी अवघड माणूस आपणच असतो

हे थोडं कडू आहे, पण बोलायला हवं. बोली वाढत नाही म्हणून काही जण भावाच्या किंवा मित्राच्या नंबरवरून खोटी बोली लावतात. "सगळेच करतात सर" म्हणतात.

आपला वस्तू विक्री कायदा १९३० चा आहे. त्याच्या ६४ व्या कलमात लिलावाचे नियम आहेत. विक्रेत्याला बोली लावायचा हक्क हवा असेल तर तो आधी उघड सांगावा लागतो. भाव फुगवायला खोटी बोली वापरली तर ग्राहकाला तो सौदा मोडता येतो. म्हणजे तुम्हीच त्याच्या हातात माघारीची फट दिलीत. शिवाय जिंकणाऱ्याला आधीच वाटत असतं की आपण जास्त दिले. त्यात वरच्या बोल्या तुमच्या मेव्हण्याच्या होत्या हे कळलं, तर तो भांडणारच. आणि त्याचं बरोबर असेल. बोली वाढत नसेल तर कमीत कमी भाव लिहा आणि वस्तू परत घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

कधी सोडून द्यायचं?

एक साधा हिशेब करा. समजा वाद ६०० रुपयांचा आहे. त्यात तुमचे तीन दिवस जाणार, झोप जाणार आणि त्या तीन दिवसांत दोन नवे लिलाव लागणार नाहीत. एका लिलावात तुम्हाला सरासरी ४०० सुटत असतील, तर ६०० वाचवायला तुम्ही ८०० घालवले. अशा वेळी पैसे परत करा, एका ओळीत नमस्कार करा आणि नाव वहीत लिहा.

पण तोच माणूस दुसऱ्यांदा आला, किंवा रक्कम मोठी आहे आणि तुमच्याकडे व्हिडिओ, पावती, चॅट सगळं आहे, तर सोडू नका. महिन्याच्या विक्रीतले दोन-तीन टक्के अशा भानगडींसाठी बाजूला ठेवायची सवय लावा. मग निर्णय घेताना राग मध्ये येत नाही, कारण ते पैसे तुम्ही मनाने आधीच खर्ची टाकलेले असतात.

ताईंचं पुढे काय झालं?

तीन महिन्यांनी ताई पुन्हा आल्या. आम्ही बसून त्यांची जुनी पोस्ट वाचली. "सुंदर जुनी समई जोडी, बोली सुरू १,५००." बस्स, एवढंच! माप नाही, वजन नाही, मुदत नाही, नियम नाही. ताईच म्हणाल्या, "सर, यात तर कोणीही भांडेल."

मग त्यांनी सहा ओळी लिहिल्या. चेपलेली बैठक तशीच ठेवली, तिचा जवळून फोटो काढला आणि लिहिलं, "एका समईची बैठक एका बाजूने चेपलेली आहे, फोटो चार बघा." जोडी २,९०० ला गेली. पहिल्या वेळेपेक्षा कमी, बरोबर आहे. पण पैसे त्याच संध्याकाळी आले आणि पार्सल परत आलं नाही. घेणाऱ्या काकूंनी फक्त एवढं विचारलं, "बैठक ठोकून सरळ होईल ना?" ताईंनी तांबट गाठायला सांगितलं.

आज ताईंचे महिन्याला आठ-दहा लिलाव होतात. अवघड ग्राहक अजूनही भेटतो, तो भेटतच राहणार. फरक एवढाच की आता त्याला काय उत्तर द्यायचं ते ताईंनी बोली सुरू व्हायच्या आधीच लिहून ठेवलेलं असतं.

आजचा गृहपाठ

तुमची शेवटची लिलावाची पोस्ट उघडा. ती अशा माणसाच्या नजरेने वाचा ज्याला बोली जिंकल्यावर पस्तावा झालाय. त्याला माघार घ्यायला किती फटी सापडतात ते मोजा. मग वरच्या सहा ओळी तुमच्या शब्दांत लिहून फोनमध्ये सेव्ह करा, म्हणजे दर वेळी कॉपी-पेस्ट करता येतील. पैसे मागायचे दोन मेसेजही तसेच सेव्ह करा. अर्ध्या तासाचं काम आहे, आज रात्रीच करून टाका.

पुढच्या व्हिडिओत वजनकाटा, मोजपट्टी आणि साधा मोबाइल घेऊन पॅकिंगचा व्हिडिओ कसा करायचा ते करून दाखवतो. तोपर्यंत बोली उघड ठेवा आणि हिशेब चोख ठेवा. भेटूच!